डुलत्या चालीचं कोडं

ताडोबाच्या सफारीत वाघ दिसला की जिप्सीत सगळे चिडीचूप होतात आणि अस्वल दिसलं की हशा पिकतो. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या बाजूने आत गेलेल्या मातीच्या रस्त्यावर काळ्या केसांचा एक गठ्ठा डुलत डुलत येतो. पुढचे पंजे आत वळलेले, पावलं फटाक फटाक जमिनीवर पडतायत, मान खाली, पुठ्ठे वर. मध्येच थांबून तो कडेच्या मातीत तोंड खुपसतो, जोरात फुत्कारतो आणि समोरच्या गाड्यांकडे ढुंकूनही न पाहता पुढे निघतो. पाहणारा म्हणतो, काय वेंधळं जनावर आहे! जंगलाला लागून असलेल्या गावातल्या माणसाला मात्र हसू येत नाही. तो सिंदेवाही-नागभीडकडचा असो की पलीकडच्या धानोरा-एटापल्लीकडचा, पहाटे मोहफुलं वेचायला निघताना त्याला वाघाइतकीच, कित्येकदा वाघाहूनही जास्त धास्ती अस्वलाची असते. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुधा बाजूला होतो, अस्वल सरळ अंगावर येतं, हा त्याचा साधा हिशेब.

एकाच प्राण्याला पाहून एकाला हसू येतं आणि दुसऱ्याला घाम फुटतो, तेव्हा कुणाचं पाहणं अपुरं पडतंय हे तपासायला हवं. वेंधळेपणा हा नाकासारखा किंवा शेपटीसारखा शरीरावर चिकटलेला गुण नाही. शरीर आणि त्या घटकेला समोर असलेलं काम यांची जोडी जमते की फिसकटते, यावर तो ठरतो. रंगाऱ्याची लांब शिडी खांद्यावर घेऊन भर बाजारातून निघालेला माणूस पाहा. वळताना मागचं टोक कुणाच्या डोक्याला लागतं, पुढचं टोक फळांच्या गाडीत शिरतं, शिव्या पडतात. तोच माणूस भिंतीशी पोचून शिडी टेकवतो, तेव्हा त्याला कुणी अजागळ म्हणत नाही. सफारीच्या रस्त्यावर आपल्याला दिसणारं अस्वल हे बाजारातून चाललेलं अस्वल आहे. त्याची भिंत म्हणजे वाळवीचं वारूळ, आणि तिथे ते काय करतं हे पाहायची वेळ पर्यटकावर सहसा येत नाही.

पाहणारे इथे पहिल्यापासून चुकत आले आहेत, आणि त्यात विद्वानही होते. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली भारतातल्या या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं, ते 'ब्रॅडिपस अर्सिनस', म्हणजे अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेतला झाडाला उलटा लटकणारा, अतिशय संथ प्राणी. त्याचा आणि आपल्या अस्वलाचा संबंध काय? लांब वाकडी नखं आणि वरच्या जबड्यातले गायब दात, एवढंच. १७९३ साली मेयर या जर्मन शास्त्रज्ञाने 'मेलुर्सस', म्हणजे मधखाऊ अस्वल, ही वेगळी प्रजाती मांडली, आणि आज त्याचं अधिकृत नाव 'मेलुर्सस अर्सिनस' आहे. पण 'स्लॉथ बेअर' हे इंग्रजी नाव काही सुटलं नाही. नखं पाहिली, त्या नखांचं काम पाहिलं नाही, त्यातून झालेली ही गफलत दोनशे वर्षं टिकली आहे.

पाऊल पडतं कसं

वाघ, बिबट्या, कुत्रा हे सगळे बोटांवर चालतात. टाच वर, हवेत राहते. त्यामुळे पाय लांब होतो, जमिनीला टेकणारा भाग लहान व हलका राहतो, आणि धावताना तो झटकन उचलता येतो. शिवाय मांजराच्या कुळातल्या प्राण्यांची नखं म्यानात बसतात, म्हणून पावलांचा आवाज होत नाही. अस्वलाची तऱ्हा माणसासारखी आहे. ते बोटांपासून टाचेपर्यंत पूर्ण तळवा टेकून चालतं. याने वेगात थोडी खोट येते, पण बूड पक्कं होतं. कडक जमिनीत कुदळ मारणारा माणूस चवड्यांवर उभा राहत नाही, पाय रोवून उभा राहतो. अस्वलाला आयुष्यभर हेच करायचं असतं.

त्यात पुढच्या पंजाची नखं जवळपास माणसाच्या बोटाएवढी लांब, कोयत्यासारखी वाकलेली आणि कधीही आत न जाणारी. एवढी नखं घेऊन पंजा सरळ पुढे टाकला तर प्रत्येक पावलाला ती जमिनीत रुततील. अस्वल पंजा आत वळवून, आडवा, आपटल्यासारखा ठेवतं, म्हणून तो फटाक फटाक आवाज. आत वळलेल्या पंजाचा दुसरा फायदा खणताना दिसतो. उकरलेली माती सरळ छातीखाली आणि तिथून मागे जाते, तोंडासमोर साचत नाही. चालताना एका कुशीचे दोन पाय जवळजवळ एकापाठोपाठ उचलले जातात, त्यामुळे वजन या कुशीवरून त्या कुशीवर झुलतं. खांदे खणण्यासाठी दणकट असल्याने पुढचा भाग भारी दिसतो. नर साधारण ८० ते १४५ किलोंचा आणि मादी ५५ ते ९५ किलोंची, म्हणजे झुलणारं वजनही काही थोडंथोडकं नाही.

आता केसांकडे पाहू. हे केस लांब आणि विस्कटलेले, मानेवर व खांद्यांवर तर आयाळच. थंड प्रदेशातल्या अस्वलांना कातडीलगत बारीक लोकरीचा थर असतो, तो याला नाही. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला यामागचं कारण वेगळं सांगायला नको. खाली आधार नसलेले हे मोकळे केस प्रत्येक पावलाला अंगापेक्षा जास्त हलतात. आपण जे डुलणं म्हणून पाहतो त्यातला बराचसा भाग केसांचा असतो, आतल्या हाडामांसाचा नसतो. अंगावर चार मापं मोठा अंगरखा घातलेला पहिलवान आपल्याला गबाळाच दिसणार.

वारुळावर

वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत आहे, पण तिचं गोत्र झुरळांशी जुळतं, मुंग्यांशी नाही. पूर्व विदर्भाच्या सागवनात जिकडेतिकडे दिसणारी वारुळं हे तिचं बांधकाम. मातीचे कण लाळेने सांधून रचलेली ही भिंत उन्हात वाळली की काठी मारली तरी ढलपा निघत नाही. आत बोगद्यांचं जाळं असतं. भिंतीला भोक पडलं की शिपाई वाळव्या तोंडाशी धावतात आणि कामकरी आत, खोल, बाजूच्या बोगद्यांत पसार होतात. म्हणजे भिंत फोडणाऱ्याच्या हाती फार थोडा वेळ असतो. हळूहळू उकरत बसणाऱ्याला रिकामे बोगदे मिळतात. शिवाय प्रत्येक वाळवी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा जीव. ती एकेक टिपून शंभर किलोंचं पोट भरायचं तर सकाळची रात्र होईल.

अस्वलाने या अडचणीवर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. आधी नाकाने जागा ठरते. मग पुढच्या पंजांनी भिंत भराभर फोडून खड्डा केला जातो आणि लांब मुस्कट आत जातं. पहिलं काम फुंकण्याचं. जोराच्या फुंकरीने सैल माती उडते आणि बोगद्यांची तोंडं उघडी पडतात. त्यानंतर ओढण्याचं. अस्वलाचे ओठ लांब आणि कमालीचे हलते असतात, त्यांची नळी होते. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात, त्यामुळे तिथे आयती फट असते. इतर अस्वलांना ४२ दात, याला ४०. टाळू खोलगट, म्हणून तोंडात हवा ओढायला जागा. आणि नाकपुड्या हवं तेव्हा मिटता येतात, नाहीतर वाळवीबरोबर माती आणि शिपायांचे चावे थेट नाकात गेले असते. फुंक, ओढ, फुंक, ओढ असा हा क्रम चालतो आणि वाळव्यांचा लोंढाच तोंडात येतो. हा आवाज शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो. जॉर्ज शॉला स्लॉथची खूण वाटलेल्या त्या दोन गायब दातांची जागा ही अशी कामाला येते.

मातीत तोंड खुपसून फुत्कारणाऱ्या ज्या अस्वलाला जिप्सीतले लोक हसले, ते या साखळीतली एक पायरी करत होतं. त्यात फालतू हालचाल एकही नव्हती.

संथ का चालायचं

इथे कुणी म्हणेल, खणण्यात पटाईत असेल, मान्य, पण दोन वारुळांच्या मधलं चालणं तरी चटपटीत असायला काय हरकत होती? याचं उत्तर खाण्यापिण्याच्या जमाखर्चात आहे. हरणाची शिकार करणारा वाघ एका झडपेत कित्येक दिवसांचं अन्न मिळवतो, त्याला त्या काही सेकंदांसाठी सारी ताकद उधळणं परवडतं. वाळवी, मुंग्या, बोरं, जांभळं, टेंभरं, उंबरं आणि बहाव्याच्या शेंगा यांवर जगणाऱ्याला ती चैन नाही. एका वारुळातून मिळतं ते थोडंच, की चालले पुढच्याकडे. जितकी शक्ती चालण्यात जाईल तितकी वारुळं जास्त फोडावी लागतील. त्यातून वास घेत चालायचं म्हणजे घाई उपयोगाची नाही, नाक जमिनीलगतच ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दिवसभर कपारीत किंवा दाट झुडपात पडून राहणं आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत सावकाश फिरणं, हा त्याने बसवलेला दिनक्रम आहे. डोंगराळ थंड मुलखातल्या अस्वलांसारखी हिवाळी झोप ते घेत नाही, कारण आपल्याकडे बाराही महिने काही ना काही खायला असतं.

झाडावर मात्र हेच जनावर सराईतपणे चढतं. मधाचं पोळं दिसलं की वाकडी नखं खोडात रुतवत ते वर जातं आणि माश्यांची पर्वा न करता पोळं पाडतं. जमिनीवर अडचण वाटलेली नखं इथे गुण ठरतात.

पळायचं नाही, भिडायचं

संथ चालणारं अस्वल पळू शकत नाही, हा समज सगळ्यात महागात पडणारा. भरधाव निघालेलं अस्वल माणसाला सहज गाठतं. पण धोका दिसल्यावर ते पाठ फिरवून पळण्यापेक्षा समोर जाणं पसंत करतं, आणि याचं कारण पुन्हा त्याच शरीरात आहे. ज्या जंगलात हे अस्वल घडलं तिथे वाघही होता आणि बिबट्याही. वाघापुढे पळून सुटायचं तर वाघाइतकी झेप हवी, ती पूर्ण तळवा टेकणाऱ्या पायात नाही. झाडावर चढावं तर बिबट्या वर येतो. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल संकटात पिल्लांना झाडावर पिटाळतं. आपल्या अस्वलाने तो मार्ग घेतला नाही. त्याची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, आणि हे नियमाने करणारी अस्वलांच्या कुळातली ती एकटीच. खांद्यांवरची जी आयाळ आपल्याला विस्कटलेली वाटते, ती पिल्लांना धरायला मूठ देते. पिल्लं सहा-सात महिन्यांची होईतो ही स्वारी चालते. पाठीवर दोन पिल्लं घेतलेल्या आईला पळणं आणखीच अवघड, मग उरतो एकच उपाय: समोरच्याला इतकं घाबरवायचं की त्याने नाद सोडावा.

२०१८ साली ताडोबातल्या जामनी भागात पर्यटकांच्या डोळ्यांदेखत जे घडलं, त्याचं चित्रण पुढे जगभर फिरलं. मटकासुर या नावाने ओळखला जाणारा भरदार नर वाघ आणि पिल्लू सोबत असलेली अस्वलाची मादी समोरासमोर आली. मादी मागे हटली नाही, वाघावरच चालून गेली. दोघांची झटापट झाली, वाघाने तिला काही वेळ खाली दाबून धरलं, तीही रक्तबंबाळ झाली, पण शेवटी त्याच्या तावडीतून सुटून तिने त्यालाच मागे रेटलं. त्या चित्रणात कुठेही डुलणं दिसत नाही. वाघ शिकारीचा हिशेब करणारा प्राणी आहे. जखमी व्हायची पाळी येणार असेल तर त्याला ते जेवण महाग पडतं, आणि अस्वलाची सगळी भिस्त वाघाच्या याच हिशेबावर असते.

मोहाखाली पहाटे

आता गावातल्या माणसाच्या धास्तीकडे येऊ. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उन्हं वर यायच्या आत ती वेचावी लागतात, कारण मग ती सुकतात किंवा गुरं आणि हरणं खाऊन जातात. बायामाणसं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. झाडाखाली पाला पेटवून जागा आधीच साफ केलेली असते. गोड, रसाळ फुलांवर अस्वलाचाही तेवढाच जीव, आणि रात्रभर फिरून परतायच्या आधी ते मोहाखाली शेवटचा फेरा मारतं. भरीला भर म्हणजे मादी डिसेंबर-जानेवारीत कपारीत वेते आणि दोन-तीन महिन्यांनी पिल्लांना घेऊन बाहेर पडते. म्हणजे माणसांचा मोहाचा हंगाम आणि पाठीवर पिल्लं घेतलेल्या आयांचा हंगाम एकच. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला हीच माणसं पुन्हा पहाटे जंगलात असतात.

यावर आक्षेप येतो तो असा: इतकं हुशार जनावर असेल तर माणूस दहा पावलांवर येईपर्यंत त्याला कळत कसं नाही? वेंधळेपणा म्हणतात तो हाच की! आक्षेप बिनतोड वाटतो, पण जरा वारुळापाशी उभं राहून विचार करा. तोंड मातीत, नाकपुड्या मिटलेल्या, डोळ्यांसमोर खड्डा आणि कानात स्वतःच्याच फुंकण्या-ओढण्याचा धबडगा. या प्राण्याची नजर आणि कान नाकाइतके तल्लख नाहीत असं अभ्यासक सांगत आले आहेत, आणि खाताना तर नाकही बंद. अवधान हे मर्यादित भांडवल आहे, ते एका कामात पूर्ण घातलं की दुसरीकडे उरत नाही. माणसाचीही स्थिती काही वेगळी नसते. मोहफुलं वेचणारी बाई कंबरेत वाकलेली, नजर जमिनीवर, हात चालू, तोंडाने चकार शब्द नाही. दोघंही आपापल्या कामात गर्क, दोघांच्या माना खाली, आणि अचानक मधलं अंतर काही हातांचं उरतं. त्या क्षणी अस्वलाच्या शरीरात वाघासाठी तयार झालेली प्रतिक्रिया उसळते. त्याला माणूस खायचा नसतो, समोरचा धोका संपवायचा असतो.

हे नुसतं तर्कट नाही. गडचिरोलीच्या पूर्वेला लागलेल्या छत्तीसगडात, उत्तर बिलासपूरच्या वनक्षेत्रात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात अस्वलाच्या हल्ल्यांची नोंद झाली. हल्ले १३७ आणि त्यांत मृत्यू ११. शंभरामागे आठ. मरण एकही क्षुल्लक नाही, आणि वाचलेल्यांच्या चेहऱ्यावरच्या जखमा जन्मभराच्या असतात. पण भक्ष्य म्हणून माणूस पकडणाऱ्या जनावराचा हिशेब असा दिसला नसता. बहुतेक हल्ल्यांत अस्वल काही फटके आणि चावे देऊन निघून जातं. जखमा डोक्याला, तोंडाला आणि हातांना जास्त होतात, कारण माणूस उभा असतो आणि अस्वलही मागच्या पायांवर उठून पंजे चालवतं. अस्वल गुदगुल्या करून मारतं ही आपल्याकडची जुनी समजूत या उभ्या मिठीवरूनच निघाली असावी. त्या नखांचं काम कडक माती फोडण्याचं आहे, गुदगुल्यांचा प्रश्नच येत नाही.

[चौकट] अस्वलाच्या मुलखात
अस्वलाला अचानक गाठायचं नाही, एवढं सांभाळलं की निम्मा धोका टळतो. पहाटे एकटं जाण्यापेक्षा घोळक्याने जावं, बोलत, खाकरत, काठी आपटत जावं. फुंकण्या-ओढण्याचा आवाज आला तर पुढे जाऊन बघू नये. दुरून दिसलं तर न धावता, आल्या वाटेने मागे सरकावं. धावणाऱ्याला ते गाठतं आणि झाडावर चढणाऱ्याच्या मागे चढूही शकतं. अंगावर आलंच तर जमिनीवर पालथं पडून दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफावीत आणि चेहरा मातीत झाकावा. शाळेत ऐकलेल्या दोन मित्रांच्या गोष्टीत श्वास रोखून मेल्याचं सोंग सांगितलं आहे. खरा उपयोग सोंगाचा नाही. चेहरा आणि मान वाचते, आणि समोर उभा धोका उरत नाही.

दरवेशाचं अस्वल

अस्वल गमतीदार असतं ही समजूत आपल्या मनात जंगलातून आलेली नाही, गावच्या चौकातून आलेली आहे. दरवेशी दोरीला धरून अस्वल आणायचा, ते दोन पायांवर उभं राहून डोलायचं, पोरं टाळ्या पिटायची, भित्र्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवलं की भीती जाते म्हणून आया पुढे यायच्या, केसांचे ताईत विकले जायचे. दोन पायांवर नाचणारं अस्वल बेंगरूळ दिसायचं, यात शंका नाही. पण ती दोरी लहानपणी मुस्कटाला पाडलेल्या भोकातून ओवलेली असायची, दात बहुधा पाडलेले असायचे, आणि दोरीला हिसका बसला की वेदनेने ते उभं राहायचं. चार पायांवर खणायला बनलेलं शरीर दुखऱ्या नाकाच्या जोरावर उभं करून वर त्याला अजागळ म्हणायचं, हा उफराटा न्याय झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज अस्वलाला पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे वाघाच्याच बरोबरीचं संरक्षण आहे, आणि अखेरचं नाचणारं अस्वल सोडवल्याचं वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने २००९ च्या शेवटी जाहीर केलं. पिंजऱ्यात जागच्या जागी तासन्‌तास डोलणारी अस्वलंही लोकांनी पाहिलेली असतात. कोंडलेल्या अनेक प्राण्यांत अशी निरर्थक, ठरावीक हालचाल दिसते. तो कोंडल्याचा परिणाम आहे.

याच्या उलट टोकाचा आक्षेपही ऐकू येतो. बाबा आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांच्या प्राणी अनाथालयात अस्वलंही माणसांत वाढली, मग अस्वल मुळात गरीबच नव्हे का? हाताने दूध पाजून वाढवलेलं पिल्लू माणसाला धोका मानायला शिकलेलंच नसतं. त्यावरून एवढंच कळतं की अस्वलाच्या वागण्यात शिकण्याचा वाटा मोठा आहे. मोहाखाली अचानक गाठ पडलेल्या जंगली आईबद्दल त्यातून काहीही निष्कर्ष निघत नाही, आणि तो काढणं धोक्याचंही आहे.

याची किंमत

एवढं वाचून वाटेल की लेखकाने अस्वलाचं वकीलपत्रच घेतलं आहे आणि निसर्गात जे आहे ते सारं बिनचूक असतं असं त्याला सुचवायचं आहे. तसं मुळीच नाही. प्रत्येक अवजाराची किंमत चुकवावी लागते, आणि अस्वलाने ती चांगलीच चुकवली आहे. खाण्याचा तो प्रचंड आवाज वाघालाही ऐकू जातो. जड पावलं त्याला दबकत चालू देत नाहीत. काळे लांब केस उन्हात भाजतात. पळून सुटण्याची वाट बंद असल्याने प्रत्येक भेट भांडणावर जाण्याची शक्यता, आणि भांडणात जखम त्यालाही होते. वेंधळेपणा नाही म्हणजे उणेपणा नाही, असा अर्थ काढू नये. उणेपणा आहे, पण तो वाळवीच्या बदल्यात घेतलेला आहे, आणि जोवर जंगलात वारुळं, कपारी आणि फळझाडं आहेत तोवर हा सौदा त्याला फायद्याचाच पडतो.

सौदा आतबट्ट्याचा होतो तो जमिनीचा नकाशा बदलल्यावर. जंगलाच्या कडेला शेत आलं, शेतात विहीर आली आणि विहिरीला कठडा बांधला नाही, की रात्री नाक जमिनीला लावून फिरणारं अस्वल थेट आत जातं. अस्वलाच्या साऱ्या घडणीत पायाखालची जमीन अचानक संपेल याची तरतूद नाही, कारण ज्या जंगलात ते घडलं तिथे अशी खोल, सरळ काठांची भोकं नव्हती. इथे मात्र ते खरोखर वेंधळं ठरतं, आणि तसं त्याला विहीर खणणाऱ्याने ठरवलेलं असतं. वन विभागाची माणसं येतात तेव्हा जाळ्या आणि बेशुद्धीच्या औषधाची गरज दर वेळी पडतेच असं नाही. बऱ्याचदा लांब शिडी किंवा झाडाचं खडबडीत खोड तिरकं आत सोडायचं, बघ्यांना दूर हटवायचं आणि वाट पाहायची, एवढं पुरतं. गलका थांबला की अस्वल नखं रुतवत आपलं आपण वर येतं. बघ्यांना हटवणं हाच त्यातला अवघड भाग असतो. बाहेर येताच जनावर कुठल्या दिशेला धावेल याचा नेम नसतो, आणि मोबाइल घेऊन काठावर उभ्या असलेल्या माणसांना ते संथच वाटत असतं.